हाड तयार, कातडी आडवी

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे कितीही महागडी यंत्रं आली, तरी त्यांच्या ट्रेमध्ये एक नादकाटा असतोच. शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तोच, बहुधा ५१२ हर्ट्‌झचा. डॉक्टर तो कोपरावर आपटतात आणि त्याची दांडी समोरच्या मुलाच्या कपाळावर मधोमध टेकवतात. "आवाज कुठल्या बाजूला येतोय, दाखव बघू." मुलाचा डावा कान व्यवस्थित आहे. उजवीकडे कानाच्या जागी कूर्चेची एक चुरगळलेली घडी आणि खाली लोंबणारा पाळीचा तुकडा आहे, भोक नाहीच. मुलगा जरा थबकतो आणि उजवीकडे बोट दाखवतो. आईला वाटतं, पोराला प्रश्नच कळला नाही. "अरे, नीट सांग ना काकांना," ती म्हणते. पोराने मात्र अगदी नीट सांगितलेलं असतं.

खात्री करून घ्यायची असेल तर एका कानात बोट घट्ट घाला आणि ओठ मिटून 'म्' असा हुंकार भरा. आवाज बोट घातलेल्या कानाकडे सरकतो. बाहेरचा गलका त्या कानापर्यंत पोचत नाही, त्यामुळे कवटीच्या हाडातून आलेला आवाज तिथे ठळक उमटतो, हे त्याचं एक कारण. जर्मन शरीरशास्त्रज्ञ वेबर यांनी १८३४मध्ये हे नोंदवलं आणि ही तपासणी आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. आतला कान मेलेला असता, तर मुलाने चांगल्या कानाकडे बोट दाखवलं असतं. त्याने बंद बाजू दाखवली, याचा अर्थ भिंतीपलीकडे कुणीतरी जागं आहे.

या प्रकरणाचा विषय ती भिंत ओलांडण्याचा आहे. कान जन्मतः अर्धवट घडण्याला मायक्रोशिया म्हणतात, कानाची नळी तयारच न होण्याला अट्रेशिया. बहुतेक वेळा ही दोन्ही जोडीने येतात. साधारण पाच ते दहा हजार जन्मांमागे एका बाळात मायक्रोशिया दिसतो. मुलींपेक्षा मुलांत जास्त, डाव्यापेक्षा उजव्या बाजूला जास्त, आणि बहुतेकदा एकाच बाजूला.

बाहेरचा कान बिघडूनही आतला शाबूत कसा राहतो, याचं उत्तर मुख्यतः गर्भाच्या पहिल्या दोन महिन्यांत आहे. कानाचे भाग वेगवेगळ्या ठिकाणांहून येऊन एकत्र होतात. ऐकण्याचं खरं इंद्रिय म्हणजे कॉक्लिया. ते गर्भाच्या डोक्याच्या बाजूला आलेल्या एका जाडसर ठिपक्यातून आत वळत जाऊन घडतं. बाहेरचा कान मात्र मानेजवळच्या पहिल्या दोन कमानींमधून येतो. सहाव्या आठवड्याच्या सुमाराला तिथे सहा छोटे उंचवटे उठतात आणि एकमेकांत मिसळून त्यांचा कान होतो. हातोडी, ऐरण आणि रिकीब ही मधल्या कानातली हाडंही मुख्यतः याच दोन कमानींची. कानाची नळी तर आधी पेशींनी गच्च भरलेली असते आणि सातव्या महिन्याच्या आसपास आतून पोकळ होत जाते. हे पोकळ होणं राहून गेलं की नळीच्या जागी हाड उरतं. दोन गट, दोन वेगळी ठिकाणं. म्हणूनच एकाचं काम फसलं तरी दुसऱ्याचं बहुधा नीट पार पडतं.

कारण प्रत्येक वेळी सापडतंच असं नाही. काही मुलांमध्ये ट्रीचर कॉलिन्स किंवा गोल्डनहारसारखा सिंड्रोम असतो. मुरुमांवरचं आयसोट्रेटिनॉइन हे औषध गरोदरपणात पोटात गेलं तर कान बिघडू शकतात, हे पक्कं माहीत आहे. १९५०च्या दशकाच्या शेवटी युरोपात गाजलेल्या थॅलिडोमाइडनेही हात-पायांबरोबर कितीतरी बाळांचे कान नेले. पण बहुसंख्य घरांत यातलं काहीच झालेलं नसतं. आपल्याकडे मग कुणीतरी ग्रहण आठवतं. "ग्रहणात विळीला हात लावला असशील," हे वाक्य बाळंतिणीला ऐकवणारं कुणी ना कुणी निघतंच. ग्रहणात भाजी चिरल्याने कान कापला जात नाही, हे इथे एकदा स्वच्छ लिहून ठेवतो. ज्या आठवड्यांत हा बिघाड सुरू होतो, त्या आठवड्यांत अनेक बायकांना दिवस राहिल्याचं नुकतंच कळलेलं असतं.

आता ऐकण्याचं बघू. नळी बंद असली की हवेतून येणारा आवाज आत पोचताना साधारण ५० ते ६० डेसिबल गमावतो. हातभर अंतरावरून चाललेलं नेहमीचं बोलणं साधारण तेवढ्याच जोराचं असतं. दोन्ही बाजू बंद असलेल्या बाळाला दारावरची थाप, कुकरची शिट्टी ऐकू येते. बोलणं मात्र येतं न येतं असं होतं. बारशाला आत्या कुर्र करून नाव सांगते, ते त्याच्यापर्यंत पोचतच नाही. आणि थाप ऐकू येते म्हणूनच घरचे गाफील राहतात. "ऐकू येतं हो त्याला, दार वाजलं की दचकतो," असं सांगत वर्ष निघून जातं. नेहमीचं श्रवणयंत्र इथे निरुपयोगी, कारण ते बसवायचं कुठे? ते नळीतून आवाज आत ढकलतं आणि नळी तर नाहीच. नवजात बाळांच्या कानात छोटं टोक घालून करतात ती प्राथमिक तपासणीही याच कारणाने होत नाही. करावी लागते ती आवाजाला मेंदूकडून मिळणारा विजेचा प्रतिसाद मोजणारी बेरा तपासणी, तीही कवटीला कंपन देऊन.

हाडातून आवाज जातो, ही गोष्ट काही नवी नाही. सोळाव्या शतकात इटलीतल्या कार्दानोने दातांत धरलेल्या दांडीतून आवाज ऐकू येतो असं लिहून ठेवलं होतं. १८७९मध्ये शिकागोच्या रिचर्ड ऱ्होड्‌सने कडक रबराचा एक पंखा विकायला काढला. तो वरच्या दातांना टेकवून धरायचा. पंखा आवाजाने थरथरायचा, दात थरथरायचे आणि माणूस ऐकायचा. पण हाडातून ऐकणं हे हवेतून ऐकण्यासारखंच खरं ऐकणं आहे का, याचा छडा लावला गेऑर्ग फॉन बेकेशी यांनी. बुडापेस्टमधल्या टपाल-तार खात्याच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या या माणसाने १९३२मध्ये एकच स्वर एकाच वेळी हाडातून आणि हवेतून दिला आणि एकाच्या लाटा दुसऱ्याच्या नेमक्या उलट केल्या. स्वर नाहीसा झाला. दोन्ही वाटांनी आलेला आवाज कॉक्लियात एकाच तऱ्हेने हलवाहलव करत असेल, तरच तो असा एकमेकांना खाऊन टाकेल. १९६१चं नोबेल त्यांना कॉक्लियावरच्या कामासाठी मिळालं. मला मात्र त्यांचा हा छोटा प्रयोगच जास्त आवडतो.

म्हणजे तत्त्वाची अडचण नव्हती. अडचण कातडीची होती. विसाव्या शतकात कानामागे कंपक दाबून धरणारे स्टीलचे पट्टे आले, चष्म्याच्या काड्यांत बसवलेले कंपक आले. कवटी आणि कंपक यांच्यामध्ये कातडी आणि तिच्याखालचा मऊ थर येतो. तो कंपन गिळतो, विशेषतः वरच्या पट्टीचं. मराठीतले 'स', 'श', 'फ' हे आवाज नेमके त्याच पट्टीत असतात. कंपन आत पोचवायचं तर पट्टा जोरात दाबायला हवा. जोरात दाबला की डोकं दुखतं, कातडी लाल होते, कधी खाली हाडावर खळगा पडतो. पोरं हा पट्टा शाळेतून येताच काढून फेकायची, आणि त्यांना कोण दोष देणार?

वाट निघाली ती स्वीडनमध्ये, आणि कानाशी काहीही संबंध नसलेल्या प्रयोगातून. पेर-इंगवार ब्रोनेमार्क हाडाच्या मगजातला रक्तप्रवाह बघत होते. त्यासाठी १९५२च्या सुमाराला त्यांनी सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची, सूक्ष्मदर्शकातून बघण्याजोगी छोटी खिडकी बसवली. प्रयोग संपल्यावर महागडी खिडकी परत काढायला गेले, तर ती निघेना. हाड धातूला इतकं घट्ट चिकटून वाढलं होतं की धातू काढायचा तर हाड मोडावं लागलं असतं. टायटॅनियमच्या पृष्ठभागावर हवेशी संपर्क येताच ऑक्साइडचा अतिशय पातळ थर बसतो, आणि तो हाडाच्या पेशींना खुपत नाही. एरवी शरीर परक्या वस्तूभोवती मऊ पडदा विणून तिला वेगळं पाडतं. इथे तसं होत नाही. या चिकटण्याला ब्रोनेमार्क यांनी ऑसिओइंटिग्रेशन असं नाव दिलं. १९६५मध्ये गोथेनबर्गला त्यांनी एका रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे खुंट बसवून त्यांवर दात लावले. आज गल्लोगल्ली दिसणाऱ्या 'डेंटल इम्प्लांट'च्या पाट्यांचं मूळ तिथे आहे.

अशाच एका दाताच्या खुंटाला हाडाचा कंपक जोडून पाहिला, तर रुग्णाला आवाज चांगलाच मोठा ऐकू आला. मध्ये कातडी नव्हती ना! गोथेनबर्गचे कानाचे सर्जन अँडर्स ट्येलस्ट्रॉम यांनी ही गोष्ट कानामागच्या हाडावर नेली. १९७७मध्ये पहिल्या काही रुग्णांच्या कवटीत त्यांनी टायटॅनियमचा स्क्रू बसवला, आणि शाल्मर्स तंत्रविद्यापीठातले बो होकान्सन यांनी त्यावर चपखल बसणारा कंपक घडवला. स्क्रू फक्त ३ ते ४ मिलीमीटर लांबीचा. त्यावर कातडीतून बाहेर येणारा एक खुंट, आणि खुंटावर काढता-घालता येणारं यंत्र. यंत्र मायक्रोफोनने आवाज घेतं, खुंटाला थरथरवतं, खुंट कवटीला, कवटी कॉक्लियाला. याला बाहा म्हणतात.

यातली सगळ्यात नाजूक गोष्ट म्हणजे भोक पाडणं. गोथेनबर्गच्याच संशोधकांनी सशांवर दाखवून दिलं की हाड ४७ अंश सेल्सिअसला मिनिटभर राहिलं तरी दुखावतं आणि मग धातूशी नीट सांधत नाही. ड्रिल थोडं जोरात फिरलं, पाणी थोडं कमी पडलं, की इतकी उष्णता सहज तयार होते. म्हणून भोक पाडताना सतत गार सलाइन सोडत राहतात आणि स्क्रू तर अगदी हळू फिरवत आत घालतात. त्या वेळी सर्जनच्या हाताची घाई चालत नाही. भोक पडलं, स्क्रू बसला की मोठ्या माणसांत काही आठवडे ते तीन महिने वाट बघायची, लहान मुलांत त्याहून जास्त. मुलांमध्ये काही सर्जन शेजारीच दुसरा, राखीव स्क्रू बसवून कातडीखाली झाकून ठेवतात. पोरगं पडलं, क्रिकेटचा चेंडू लागला, पहिला स्क्रू निखळला, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात नको.

हाडाने अशी साथ दिली. कातडीने दिली नाही. शरीरात धातू कातडीतून कायमचा बाहेर आलेला असणं ही मुळात विचित्र अवस्था आहे. त्यात नैसर्गिक तोड म्हटली तर फक्त दातांची. खुंटाभोवतीची कातडी हलली की ओढ बसते, मग लाली, मग ओल, मग पू. हॉल्गर्स या स्वीडिश डॉक्टरांनी या त्रासाच्या ० ते ४ अशा पायऱ्या लावल्या, त्या आजही केसपेपरवर लिहिल्या जातात. कातडी हलू नये म्हणून सुरुवातीचे सर्जन खुंटाभोवतीची कातडी केसांच्या मुळांसकट तासून अगदी पातळ करायचे. परिणाम असा की कानामागे नाण्याएवढा टकलाचा डाग राहायचा. माझ्या मते यात मोठा विरोधाभास होता: ज्या मुलाला मुळात लोकांच्या नजरेचा त्रास, त्याच्या डोक्यावर आणखी एक खूण. २०१०नंतर ही रीत बहुतेक ठिकाणी सुटली. आता कातडी जाड तशीच ठेवतात, खुंट लांब वापरतात, एका सरळ छेदातून किंवा गोल भोकातून तो बाहेर काढतात. तरी मऊ ब्रशने रोजची सफाई चुकत नाही. कोकणातल्या दमट हवेत किंवा विदर्भातल्या घामाच्या उन्हाळ्यात ती जास्तच मनावर घ्यावी लागते.

मग प्रश्न आला, कातडी न फोडताच काम होईल का? पहिला प्रयत्न चुंबकाचा. हाडात चुंबक झाकून ठेवायचा आणि बाहेर यंत्राच्या चुंबकाने चिकटायचं. दिसायला छान. पण कंपन पुन्हा कातडीतून जाणार, म्हणजे जुनीच चोरी, वरच्या पट्टीचे आवाज पुन्हा कमी. चुंबक बळकट केला तर कातडी दबून दुखते. शहाणपणाचं उत्तर वेगळं होतं: कंपकच कातडीखाली न्यायचा आणि कातडीतून फक्त रेडिओसारखा संदेश पाठवायचा. संदेशाला कातडी अडवत नाही, आणि कंपन जिथे लागतं तिथेच, हाडावरच, तयार होतं. ऑस्ट्रियातल्या मेड-एल कंपनीचं बोनब्रिज हे अशा तऱ्हेचं बाजारात आलेलं पहिलं उपकरण. २०१२मध्ये ते युरोपात आलं. त्याचा कंपक जवळजवळ ९ मिलीमीटर खोल, आणि इथे पुन्हा नेमकी हीच मुलं अडली. अट्रेशियाच्या मुलांत कानामागचं हाड अनेकदा अपुरं वाढलेलं असतं. थोडं खोल गेलं की मेंदूचं आवरण किंवा मोठी शीर लागते. सीटी स्कॅनवर जागा शोधत बसावी लागे, कधी कानशिलाच्या वर, कधी कानाच्या बरंच मागे. २०१९ला आलेल्या पुढच्या आवृत्तीत ही खोली साडेचार मिलीमीटरवर आली. त्याच वर्षी अमेरिकेत मान्यता मिळालेल्या ओसिया या उपकरणात लोहचुंबकाऐवजी विजेच्या दाबाने आकार बदलणारं सिरॅमिक थरथरतं. ते हाडात खोल बसत नाही, टायटॅनियमच्या स्क्रूवर टेकतं. किंमत मात्र या सगळ्यांचीच लाखांच्या घरात, आणि एमआरआय करायची वेळ आली तर आतल्या चुंबकाचा विचार आधी करावा लागतो.

"मग नळीच उघडून द्या की," असं आईवडील म्हणतात, आणि ते चूक नाही. काही मुलांत ते जमतंही. १९९२मध्ये यार्सडॉर्फर यांनी सीटी स्कॅनवरून दहा गुणांची परीक्षा तयार केली: रिकीब जागेवर असेल तर २ गुण, बाकी प्रत्येक गोष्टीला एकेक. सहा-सातच्या खाली गुण असतील तर नळी उघडण्याच्या भानगडीत पडू नये. शिवाय चेहऱ्याची नस या मुलांमध्ये नेहमीच्या वाटेने जात नाही, आणि उघडलेल्या नळीला पुन्हा आकसण्याची खोड असते. चांगल्या हातात चांगले निकाल येतात, पण वर्षानुवर्षं साफसफाई मागे लागते.

शस्त्रक्रियेच्या आधीचा काळ सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच वाया जातो. लहान बाळाच्या कवटीचं हाड पातळ असतं; ३-४ मिलीमीटरच्या स्क्रूला तिथे धड जागा नाही. अमेरिकेत पाच वर्षांखाली स्क्रूला मान्यताच नाही. पण कंपक बसवलेला इलॅस्टिकचा मऊ पट्टा, सॉफ्टबँड, काही महिन्यांच्या बाळालाही बांधता येतो. स्क्रूइतका आवाज तो देत नाही; कातडी आडवी आहेच. पण भाषा शिकायला तेवढा पुरतो. दोन्ही कान बंद असतील तर सहा महिन्यांच्या आत पट्टा डोक्यावर असावा. ऑडिऑलॉजिस्ट पहिल्यांदा पट्टा बांधून यंत्र चालू करतात तेव्हा बाळ दूध प्यायचं मध्येच थांबतं, डोळे मोठे करतं, कधी भोकाड पसरतं. ते रडणंही चालतं. त्यानंतर महिनाभर खरं काम आईबापांचं असतं: पट्टा दिवसभर डोक्यावर ठेवायचा, बाळ दर दहा मिनिटांनी तो ओढून काढत असलं तरी.

घरात मात्र चर्चा दिसणाऱ्या कानाची असते. लग्न कसं होईल, शाळेत चिडवतील, केस लांब ठेवू का. दिसणारा कान घडवता येतो, आणि सुंदर घडवता येतो. सुश्रुताच्या काळापासून गालाच्या कातडीतून पाळी घडवण्याचं वर्णन आपल्याकडे आहे. अमेरिकेच्या टॅन्झर यांनी १९५९मध्ये बरगडीच्या कूर्चेतून पूर्ण कान कोरण्याची आधुनिक रीत मांडली. ब्रेंट या सर्जनच्या पद्धतीने हा कान सहाव्या वर्षाच्या आसपास घडवतात. जपानच्या नागाता यांच्या पद्धतीने साधारण दहाव्या वर्षी, छातीचा घेर ६० सेंटिमीटर झाल्यावर, कारण त्यांना कूर्चा जास्त लागते. या दिसणाऱ्या कानासाठी सहा ते दहा वर्षं थांबता येतं. ऐकण्यासाठी थांबता येत नाही. आणि दोन्ही गोष्टी एकमेकींच्या आड येऊ नयेत म्हणून कान घडवणारा प्लास्टिक सर्जन आणि स्क्रू बसवणारा कानाचा सर्जन यांनी आधीच एकत्र बसून डोक्यावर पेनाने जागा आखावी लागते. सरळ कानामागे स्क्रू बसवून टाकला, तर नव्या कानावर ओढायची कातडी आणि तिच्याखालची रक्तवाहिन्यांची पातळ झिल्ली त्या छेदाने वाया जाते. कान घडवणाऱ्यांची ही जुनी तक्रार आहे, आणि ती खरी आहे. स्क्रू कानाच्या जागेपासून पुरेसा मागे गेला तर दोघांचंही भागतं.

एकच कान बंद असलेल्या मुलांचं काय, यावर मात्र डॉक्टरांत अजून एकमत नाही. "एक कान आहे ना, पुरे," असं पूर्वी सरसकट म्हणायचे. १९८४मध्ये बेस आणि थार्प यांनी अमेरिकेत एका कानाने न ऐकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांतली सुमारे एक तृतीयांश मुलं निदान एका इयत्तेत मागे राहिलेली आढळली. शांत खोलीत या मुलांना अडचण येत नाही. गजबजलेल्या वर्गात येते, आणि आवाज कुठून आला हे ओळखताना येते. इथे हाडाच्या यंत्राची एक मर्यादाही आहे: कवटी एकच आहे. एका बाजूला दिलेलं कंपन दुसऱ्या कॉक्लियालाही जवळपास तेवढंच पोचतं, त्यामुळे दिशा ओळखण्यात फायदा काही मुलांना होतो, काहींना होत नाही. आधी काही महिने पट्ट्यावर वापरून बघा आणि मुलाला विचारा, हा सल्ला मला सगळ्यात शहाणा वाटतो.

कायद्याचं गणित आणखी वेगळं. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्यात ऐकण्यात अडचण असलेली व्यक्ती म्हणजे दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल घट असलेली. दोन्ही नळ्या बंद असलेलं मूल ५५-६०वर, म्हणजे अगदी उंबरठ्यावर घुटमळतं. एक कान बंद असलेलं मूल तर या व्याख्येत कुठेच नाही. त्याच्यासाठी प्रमाणपत्र नाही, सवलत नाही. त्याच्या वडिलांनी शाळेत जाऊन करण्याजोगं एक काम मात्र आहे. उजवा कान बंद असेल तर फळ्याकडे तोंड करून बसल्यावर उजवीकडे भिंत येईल अशा रांगेत त्याला पहिल्या-दुसऱ्या बाकावर बसवायला सांगावं, पंख्याच्या थेट खाली नाही. आणि दर जूनमध्ये वर्गशिक्षक बदलले की पुन्हा जाऊन सांगावं.